विश्लेषण : बदलापूरच्या गच्चीवरून पावणेतीन लाख प्रकाशवर्षांपलीकडचा तारकागुच्छ टिपता येतो का?

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेल्या रात्रीच्या लोकलमधून बाहेर पाहिले तर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथपर्यंत आकाशाचा रंग काळा नसतोच. तो राखाडी-पांढरा असतो. बदलापूर मागे पडले की तो थोडा गडद होतो, वांगणीला आणखी थोडा. याच पट्ट्यातल्या इमारतींच्या गच्च्यांवर दुर्बीण लावून आकाश टिपण्याचा छंद अलीकडे रुजू लागला आहे. चंद्र, शनी, गुरू यांची छायाचित्रे शहरातूनही सहज मिळतात. पण डोळ्यांनी सोडाच, लहान दुर्बिणीतूनही जेमतेम धुरकट ठिपका वाटणारा तारकागुच्छ या आकाशातून पकडता येतो का, आणि त्यासाठी नेमके काय करावे लागते?

गोलाकार तारकागुच्छ म्हणजे काय?

आपल्या आकाशगंगेची तबकडी आणि तिच्याभोवती दूरवर विखुरलेले गोल गोल पुंजके, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. हे पुंजके म्हणजे गोलाकार तारकागुच्छ. एकेका गुच्छात हजारोंपासून लाखोंपर्यंत तारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतात. आकाशगंगेभोवती असे दीडशेहून अधिक गुच्छ माहीत आहेत. त्यांतले बहुतेक अतिशय वृद्ध, म्हणजे ११ ते १३ अब्ज वर्षे वयाचे आहेत. आपला सूर्य जेमतेम साडेचार अब्ज वर्षांचा, म्हणजे यांच्यापुढे अगदीच धाकटा.

या गुच्छांनी माणसाला त्याची जागाही दाखवून दिली आहे. सूर्य आकाशगंगेच्या मध्याजवळ आहे, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मानले जात होते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपली यांनी गोलाकार गुच्छांची अंतरे काढली, तेव्हा हे गुच्छ सूर्याभोवती सारखे पसरलेले नसून धनू राशीच्या दिशेला गर्दी करून आहेत, असे दिसले. गर्दीचा मध्य तोच आकाशगंगेचा मध्य, असे त्यांनी १९१८ मध्ये मांडले. शॅपलींची अंतरे पुढे बरीच कमी करावी लागली. पण सूर्य मध्यावर नाही, हा मुद्दा कायमचा बसला.

ठाणे जिल्ह्याच्या अक्षांशावरून, म्हणजे साधारण १९ अंश उत्तरेवरून, यांतले बरेच गुच्छ दिसतात. सर्वांत ठळक ओमेगा सेंटॉरी एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त २३ अंशांवर येतो. काळोख्या गावातून तो नुसत्या डोळ्यांनाही धुरकट तारा म्हणून दिसू शकतो. शौरी तारकासमूहातला एम १३ आणि शामशबलमधला एम ३ तर जवळजवळ डोक्यावरून जातात. दुसऱ्या क्रमांकाचा ठळक गुच्छ ४७ टुकाने मात्र इथल्या क्षितिजावर येतच नाही. त्यासाठी आणखी दक्षिणेला जावे लागते.

मग ‘एनजीसी २४१९’ वेगळा का?

वर सांगितलेले गुच्छ दहा-वीस-तीस हजार प्रकाशवर्षांवरचे आहेत. एनजीसी २४१९ सुमारे पावणेतीन लाख प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन लहान आकाशगंगा, मोठा आणि छोटा मॅजेलनी मेघ, अनुक्रमे सुमारे १ लाख ६० हजार आणि दोन लाख प्रकाशवर्षांवर आहेत. म्हणजे हा गुच्छ त्यांच्याही पलीकडचा, तरीही आपल्याच आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणात अडकलेला. शॅपली यांनी त्याला ‘आंतरदीर्घिकीय भटक्या’ अशा अर्थाचे नाव दिले. तो आकाशगंगेला बांधलेला आहे हे नंतर कळले, पण नाव राहिले. युरोपच्या गाया उपग्रहाने मोजलेल्या गतीवरून असे दिसते, की तो मूळचा इथला नसून धनू बटू आकाशगंगेबरोबर इकडे आला असावा. ती लहान आकाशगंगा आपली आकाशगंगा सध्या गिळत आहे. तिच्या मोडतोडीत हा गुच्छ मागे राहिला.

विल्यम हर्शेल यांनी तो १७८८ च्या अखेरीस पाहिला, तोही एक धुरकट डाग म्हणून. तो ताऱ्यांचा गुच्छ आहे हे ठरायला १९२२ उजाडले. ॲरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत कार्ल लॅम्पलंड यांनी घेतलेल्या छायाचित्रांत तो सुट्या ताऱ्यांत विभागलेला दिसला. मधली १३४ वर्षे डोळा लावून बसणाऱ्यांना जे जमले नाही ते कॅमेऱ्याने केले. बदलापूरच्या गच्चीवर आज होते तेही तेच.

गुच्छाचा एकूण उजेड साधारण दहाव्या प्रतीचा आहे. तारा जितका मंद तितका त्याच्या प्रतीचा आकडा मोठा, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात शंभर पट फरक. काळोख्या आकाशात डोळ्याची मर्यादा सहावी प्रत. या गुच्छातले सर्वांत ठळक तारे, म्हणजे फुगून लाल झालेले राक्षसी तारे, सतराव्या प्रतीच्या थोडे पलीकडे आहेत. डोळ्याला दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षा ते तीस हजार पटींहून अधिक मंद आहेत.

तो शोधायचा कुठे?

पत्ता सोपा आहे. पुनर्वसू नक्षत्राचे दोन तारे, कॅस्टर आणि पोलक्स, उल्हासनगरच्या आकाशातही दिसतात. त्यांतल्या कॅस्टरपासून सरळ उत्तरेला सात अंश गेले की गुच्छ येतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे मुठीला थोडे कमी. हा भाग लिंक्स म्हणजेच गवय तारकासमूहाचा. त्यात ठळक तारे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे शहरातून तिथे नुसती रिकामी राखाडी जागा दिसते. छायाचित्रात खूण पटवायला गुच्छाच्या एका बाजूला ओळीत दोन ठळक तारे असतात. तिसरा धुरकट ठिपका तो आपला.

जानेवारीच्या मध्यात तो मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास आकाशात सर्वांत उंच असतो. उत्तरेकडे सुमारे ७० अंशांवर. ही उंची महत्त्वाची आहे. बदलापूरहून वायव्येला अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण आणि त्यांच्यामागे ठाणे-मुंबईचा उजेड आहे. क्षितिजालगतची कुठलीही वस्तू त्या उजेडात बुडते. ७० अंशांवर तो त्रास बराच कमी होतो आणि हवेचा थरही पातळ लागतो.

चंद्र आकाशात असेल तर हा खटाटोप करू नये. योगायोग असा, की महाशिवरात्र नेहमी अमावास्येच्या आदल्या दिवसांत, माघ वद्य चतुर्दशीला येते. त्या रात्री संध्याकाळी चंद्र नसतो आणि हा गुच्छ दिवेलागणीनंतर काही वेळातच उंचावर असतो. पण अंबरनाथकरांना हे सांगून उपयोग नाही. शके ९८२ मधल्या शिलाहारकालीन शिवमंदिरात त्या दिवशी मोठी जत्रा भरते, आणि जत्रा दिव्यांशिवाय होत नाही.

खरी अडचण दुर्बिणीची की आकाशाची?

नवख्या माणसाला वाटते, दुर्बीण मोठी घेतली की मंद वस्तू दिसेल. हे अर्धेच खरे आहे. आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटर व्यासाचा आरसा अंधारात विस्फारलेल्या बाहुलीपेक्षा सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो. पण तो ताऱ्याचा प्रकाश जितका गोळा करतो तितक्याच इमानदारीने आकाशाचा उजेडही गोळा करतो.

ढोबळ हिशेब करून पाहू. आकाशाची उजळता मोजताना त्याचा एक चिमुकला चौकोन घेतात, ज्याची बाजू एक आर्कसेकंद, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग असते. निसर्गतः काळोख्या जागी अशा चौकोनातून बावीसाव्या प्रतीच्या एका ताऱ्याइतका उजेड येतो. गजबजलेल्या शहरात तो अठराव्या प्रतीइतका धरला, तर आकाश सुमारे ४० पट उजळ झाले. आता हवेच्या थरथरीमुळे तारा बिंदूसारखा न राहता साधारण तीन आर्कसेकंद रुंद पसरतो. तेवढ्या वर्तुळात सात चौकोन मावतात. त्या सातांचा मिळून उजेड सोळाव्या प्रतीच्या ताऱ्याइतका भरतो. आणि आपला तारा सतराव्या प्रतीच्याही पलीकडचा. म्हणजे सेन्सरवर त्या जागी पडणाऱ्या पाच फोटॉनांपैकी चार आकाशाचे आणि जेमतेम एक ताऱ्याचा.

हा एकही अंदाधुंद येतो. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे पडतात, कधी दाट, कधी विरळ. आकाशाच्या फोटॉनांची ही चढ-उतार ताऱ्याच्या फोटॉनांपेक्षा मोठी असेल, तर तारा दिसणार नाही. यावर एकच उपाय आहे : वेळ. जास्त वेळ गोळा केले की सरासरी स्थिर होते. पण ती वर्गमुळाच्या हिशेबाने होते. छायाचित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर चौपट वेळ द्यावा लागतो, तिप्पट हवे तर नऊ पट. आणि आकाश चौपट उजळ असेल, तर तोच निकाल मिळवायला चौपट वेळ. काळोख्या जागी एका तासात जे मिळेल ते उल्हासनगर कॅम्पातल्या गच्चीवर मिळवायला वरच्या हिशेबाने ४० तास लागतील. एका हिवाळ्यात इतक्या चांगल्या रात्री जमवणे अवघड, अशक्य नाही.

मग सावकाश, चित्र नेमके कसे तयार होते?

एकच लांब एक्स्पोजर देऊन चालत नाही. आकाशाचा उजेड सगळे चित्र पांढरे करून टाकतो. म्हणून ३० किंवा ६० सेकंदांची शेकडो छायाचित्रे घेतात आणि संगणकावर ताऱ्यांना तारे जुळवून एकावर एक रचतात. साठ सेकंदांची १८० छायाचित्रे म्हणजे तीन तास. त्यांची सरासरी काढली की एका छायाचित्रापेक्षा सुमारे तेरा पट स्वच्छ चित्र मिळते. मधूनच विमान, उपग्रहाची रेघ किंवा ढगाचा तुकडा आला तर ती फ्रेम, किंवा फ्रेममधला तेवढाच भाग, सॉफ्टवेअर वगळते. मुंबईच्या विमानतळाकडे झुकणारी विमाने या पट्ट्यावरून जात असतात, त्यामुळे हे वगळणे रोजचेच.

पण मुळात साठ सेकंद दुर्बीण ताऱ्यावर स्थिर राहायला हवी. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकते; हा गुच्छ थोडा उत्तरेला असल्याने तो बारा आर्कसेकंदांच्या आसपास सरकतो. एक मीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि आजच्या खगोलीय कॅमेऱ्यांतला नेहमीचा ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल घेतला, तर एका सेकंदात तारा पंधरा पिक्सेल पुढे जातो. म्हणून दुर्बिणीच्या नळीपेक्षा तिला फिरवणारे बैठकयंत्र, ज्याला छंदी लोक सरळ ‘माउंट’ म्हणतात, ते जास्त महाग आणि जास्त महत्त्वाचे असते. नव्याने या छंदात येणारे पैसे उलटे खर्च करतात. मोठी नळी आणि लटपटता माउंट. वर्षभरात माउंट बदलावा लागतो.

माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. युरोप-अमेरिकेत बसून बनवलेल्या व्हिडीओंमध्ये ध्रुव आरामात अर्ध्या आकाशावर असतो. इथे तो क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर आहे. समोर सात मजली इमारत उभी राहिली, की ध्रुव गेला. बदलापूरच्या नव्या वसाहतींत ही अडचण घरोघरची आहे. त्यावर तोडगा आहे. आकाशाच्या कुठल्याही भागाची दोन-तीन छायाचित्रे घेऊन संगणक त्यांतले तारे ओळखतो, दुर्बीण नेमकी कुठे रोखलेली आहे ते सांगतो आणि अक्ष किती डावीकडे-उजवीकडे हवा तेही सांगतो. याला ‘प्लेट सॉल्व्हिंग’ म्हणतात. प्लेट म्हणजे जुन्या काळची काचेची प्लेट. शब्द तेवढा उरला.

प्लेटवरून आठवले. महाराष्ट्रात आकाशाचे छायाचित्रण नवे नाही. पुण्यातल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली मोठी दुर्बीण. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला मोहीम नेली होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर पडलेल्या प्रकाशापैकी एक-दोन टक्केच उपयोगी पडत असे. आजचा साधा सीमॉस सेन्सर ८० टक्क्यांच्या आसपास वापरतो. म्हणूनच त्या वेळी वेधशाळेला जे अवघड होते ते आज गच्चीवर जमू शकते.

आता कॅमेऱ्याच्या आतला गोंधळ. सेन्सर तापला की अंधारातही त्यावर ठिपके उमटतात. त्यासाठी झाकण लावून तितक्याच तापमानाला, तितक्याच वेळेची ‘डार्क’ छायाचित्रे घेतात आणि वजा करतात. शिवाय भिंगावरची धूळ, कडेचा काळोख यांसाठी एकसारख्या उजळ पृष्ठभागाची ‘फ्लॅट’ छायाचित्रे घेतात. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेच्या आकाशाकडे रोखली तरी काम भागते. हा टप्पा कंटाळून टाळणारे पुष्कळ. शहरात तो टाळला तर आकाशाचा उजेड आणि धुळीचे डाग मिळून चित्रात असे ढग तयार होतात, की गुच्छ कुठला आणि डाग कुठला ते कळत नाही.

बदलापूरला यात एक फायदा आहे. मुंबई महानगरात थंडीची बातमी आली की पारा बदलापूरचा सांगतात. थंड रात्री सेन्सर कमी तापतो. मात्र उल्हास नदीच्या खोऱ्यात त्याच रात्री पहाटे दव आणि धुके उतरते. दुर्बिणीच्या भिंगाला किंवा आरशाला गरम पट्टी लावली नाही, तर दोन वाजल्यानंतरची सगळी छायाचित्रे धुरकट निघतात, आणि हे सकाळी कळते.

रस्त्यावरच्या एलईडीचा काय संबंध?

जुने सोडियमचे पिवळे दिवे प्रामुख्याने एकाच रंगपट्ट्यात प्रकाश टाकत. तेवढाच पट्टा अडवणारा फिल्टर लावला की शहरातही आकाश बऱ्यापैकी काळे करता येई. २०१५ मध्ये राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाल्यावर देशभर रस्त्यांवर पांढरे एलईडी आले. विजेची बचत झाली, रस्ते उजळले. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो, आणि त्यातला निळा भाग हवेत सर्वांत जास्त विखुरतो. ताऱ्यांचा प्रकाशही सर्व रंगांतच असतो. म्हणून तारकागुच्छासाठी फिल्टर फारसा उपयोगी पडत नाही. ठरावीक रंगांत चमकणाऱ्या तेजोमेघांना फिल्टर अजूनही वाचवतो. त्यामुळेच शहरी छायाचित्रकारांच्या चित्रांत मृगातला तेजोमेघ भरपूर आणि गोलाकार गुच्छ कमी दिसतात.

दिवा एलईडी असण्यापेक्षा तो कसा बसवला आहे यावर जास्त अवलंबून असते. वरून झाकलेला, खाली रोखलेला, उबदार रंगाचा दिवा रस्ता तितकाच उजळतो आणि आकाश कमी. इमारतीच्या दर्शनी भागाला खालून वर मारलेले झोत, बांधकामांवरचे उघडे फ्लडलाइट, रात्रभर जळणारे जाहिरातफलक हे खरे गुन्हेगार. रस्त्याचा दिवा कुणाच्या तरी सुरक्षिततेसाठी असतो. वर रोखलेला झोत कुणासाठी, हे विचारायला हवे.

जगभरची स्थितीही अशीच आहे. नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नोंदवलेल्या ५० हजारांहून अधिक निरीक्षणांचा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आकाशाची उजळता सरासरी वर्षाला ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले. या वेगाने आठ वर्षांच्या आत ती दुप्पट होते. संशोधकांनी दिलेले उदाहरण असे : जिथे आज २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी त्याच जागेवरून १०० दिसतील.

वांगणीचे काय झाले?

मुंबईच्या हौशी आकाशनिरीक्षकांसाठी वांगणी हे नाव जुने आहे. हॅलेच्या धूमकेतूच्या काळात उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षे इथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेतले. मुंबईपासून लोकलने जाता येईल आणि तरीही आकाश काळे मिळेल, अशी ती जागा. शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पहिली आकाशगंगा इथे पाहिली. बदलापूरच्या एका स्थानकापुढचे हे गाव. पण शहर काही बदलापूरला थांबले नाही. स्वस्त घरांच्या शोधात लोक पुढे सरकले, इमारती वांगणी-शेलू-नेरळपर्यंत गेल्या आणि त्यांच्याबरोबर दिवेही. यात घर घेणाऱ्याचा दोष नाही. पण जे अंधारे आकाश लोकलच्या पासावर मिळत होते, त्यासाठी आता गाडी काढून घाट चढावा लागतो. म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे, त्याचेच ते आकाश.

महाराष्ट्रात काळोख जपण्याचे एक उदाहरण आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. लगतच्या गावांतले दिवे बदलून खाली रोखण्यात आले. बदलापूरहून पेंच मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

महागडी सामग्री नसेल तर?

‘स्मार्ट टेलिस्कोप’ नावाचा प्रकारही आता आला आहे. झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस ५० ही त्यांतली गाजलेली. ५० मिलिमीटरचे भिंग, आत कॅमेरा, आणि सगळे काम मोबाइलवरून. गुच्छाचे नाव टाइप करायचे, यंत्र स्वतः आकाश ओळखून तिकडे वळते आणि दहा-दहा सेकंदांची छायाचित्रे रचत जाते. एनजीसी २४१९ यात सापडतो. पण आठ इंची आरशाच्या सोळाव्या हिश्श्याएवढेच भिंग असल्याने तो लहानसा कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. त्यात सुटे तारे शोधू नयेत.

इथे सावध राहण्याची एक जागा आहे. छायाचित्रातला गोंगाट कमी करणारी, कडा धारदार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता सर्रास वापरली जातात. मर्यादेत ती उपयोगी आहेत. पण मंद गुच्छावर ती जोरात फिरवली, की गोंगाटाच्या दाण्यांचे छान गोल तारे बनतात. असे चित्र समाजमाध्यमांवर वाहवा मिळवते आणि त्यातले निम्मे तारे आकाशात नसतात. तपासायची पद्धत सोपी आहे. दोन वेगवेगळ्या रात्रींची चित्रे स्वतंत्रपणे तयार करावीत. दोन्हींत जो ठिपका त्याच जागी आहे तो तारा, बाकीचा कचरा. करड्या, दाणेदार, पण खऱ्या पंधरा ताऱ्यांचे चित्र त्या चकचकीत चित्रापेक्षा जास्त मोलाचे.

दुर्बीण विकत न घेता बनवणारेही आहेत. पुण्याची आयुका संस्था दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेत आली आहे आणि पुण्यातच १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था ही देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था मानली जाते.

या छायाचित्रांचा विज्ञानाला उपयोग आहे का?

एनजीसी २४१९ चा तसा नाही. त्यातले रूपविकारी तारे विसाव्या प्रतीच्या आसपासचे, गच्चीच्या पूर्ण आवाक्याबाहेर. पण त्याच दुर्बिणीने, त्याच पद्धतीने दुसरे काही करता येते. शामशबलमधल्या एम ३ गुच्छात अडीचशेहून अधिक रूपविकारी तारे आहेत. कुठल्याही गोलाकार गुच्छापेक्षा जास्त. त्यांतले बहुतेक ‘आरआर लायरी’ प्रकारचे, म्हणजे साधारण अर्ध्या दिवसात एकदा फुगून आकसणारे. त्यांची प्रत साडेपंधराच्या आसपास असते आणि ती सुमारे एका प्रतीने वर-खाली होते. मंदावलेला तारा दीड-दोन तासांत दुपटीहून अधिक ठळक होतो. अशाच ताऱ्यांवरून शॅपलींनी गुच्छांची अंतरे काढली होती.

एम ३ चाच शेजारी, भूतपमधला एनजीसी ५४६६ हा विरळ, मंद गुच्छ. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने त्याचे निरीक्षण केले. गुच्छाच्या बाहेरच्या भागात, वयाच्या मानाने जास्तच तरुण दिसणाऱ्या एका निळ्या ताऱ्याला श्वेत बटू जोडीदार असल्याचे बेंगळूरुच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. जोडीदाराचे वायू ओढून तो तारा पुन्हा तरुण झाला होता. तो गुच्छही बदलापूरच्या आकाशात जवळपास डोक्यावरून जातो आणि तीन-चार तासांच्या छायाचित्रणात येतो.

मार्च संपत आला, की एनजीसी २४१९ संध्याकाळीच पश्चिमेकडे, नेमका कल्याणच्या उजेडाकडे झुकू लागतो. त्याचा हंगाम तिथे संपतो. एम ३ एप्रिलच्या मध्यात रात्री पाऊणच्या सुमारास ८० अंशांवर असतो. रात्री दहापासून पहाटे तीनपर्यंत दर पाच मिनिटांचे एक चित्र अशी साठ चित्रे घेऊन ती सिनेमासारखी पळवली, तर गुच्छातले काही ठिपके उजळताना आणि विझताना दिसतात. मे महिन्यात हवेतली आर्द्रता वाढते, जूनमध्ये ढग येतात, आणि ऑक्टोबरपर्यंत माउंट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरात ठेवावा लागतो.